फ्यूजवरची वायर

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात बसणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे डॉक्टर म्हणत. कुणी घरचं कॉफी मशीन घेऊन आलं की तो आधी झाकणाला हातच लावायचा नाही. माणसाला स्टुलावर बसवायचा आणि विचारायचा, "कधीपासून गार पडलंय? दिवा लागतो? पंप कुरकुरतो का? पोट शेवटचं कधी साफ केलं होतं?" लोक हसायचे, पण उत्तरं द्यायचे. निम्मा आजार त्याला तिथेच कळायचा.

मुलाला या कामाची आवड नव्हती, त्याने ऑफिस धरलं. सून मात्र लग्नानंतर एकदा वरच्या घरातून जेवणाचा डबा द्यायला खाली आली, वीज तपासायचा मल्टिमीटर कसा लावतात ते बघत उभी राहिली आणि तिथलीच झाली. त्याला अकरा वर्षं झाली. सासरा तिला "पोरी" म्हणायचा आणि चुकली तर गिऱ्हाइकांदेखत झापायचा. एक गोष्ट त्याने तिच्या डोक्यात पक्की बसवली होती. थर्मल फ्यूज उडाला म्हणून नुसता बदलायचा नाही. "तो बिचारा स्वतः जळून मशीनला वाचवतो. का जळला ते आधी शोध."

गेलं वर्षभर म्हाताऱ्याचं काहीतरी सुटत चाललं होतं. कधी स्क्रू राहायचा, कधी नळी उलटी लागायची. तो दुपारी वर आडवा व्हायला गेला की सून त्याची झालेली कामं गुपचूप पुन्हा उघडून बघायची. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

मग तीन दिवस ती तापाने अंथरुणावर पडली.

ती दुकानात परतली त्याच दुपारी पलीकडच्या गल्लीतल्या गाण्याच्या बाई आल्या. मनगटावर बँडेज होतं. मशीन त्यांनी दुसऱ्या हाताने छातीशी धरलं होतं.

"आधी तापतच नव्हतं, म्हणून परवा इथून दुरुस्त करून नेलं," त्या म्हणाल्या, "आता असं तापलं की वाफ अंगावरच आली."

सुनेने झाकण काढलं. जळालेल्या फ्यूजच्या दोन्ही टोकांना लाल वायरचा तुकडा पिळून जोडला होता. बिघाड फ्यूजमध्येच आहे ना, हे बघायला अशी वायर मिनिटभर लावतात. ती काढायची राहिली होती. मूळ दोष होता थर्मोस्टॅटचा. तो अडकला होता, पाणी उकळलं तरी वीज तोडत नव्हता, आणि आता त्याला अडवणारं कुणीच उरलं नव्हतं.

तिने वायर सोडवून खिशात टाकली. "बाई, चूक माझी आहे. माझ्याकडून राहिलं."

"अगं, पण तू तर त्या दिवशी..." बाई थांबल्या. तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. "बरं. तुझी तर तुझी."

त्या गेल्यावर सासरा जिना उतरून आला. स्टुलावर बसला.

"काय निघालं?"

"थर्मोस्टॅट, बाबा. अडकलाय."

"आणि हात कशाने भाजला त्यांचा?"

"स्वयंपाक करताना, म्हणाल्या."

त्याने हात पुढे केला. मग म्हणाला, "खिशातलं काढ, पोरी."

तिचा हात खिशावर गेला.

"जिन्यात होतो मी. सगळं बघितलं, ऐकलं." त्याचा आवाज चढला नाही, तिला वाटलं चढला असता तर बरं झालं असतं. "माझी चूक तू अंगावर घेतलीस, ते एकवेळ समजू शकतो. पण मलासुद्धा खोटं सांगितलंस. इतका बाद झालो का गं मी?"

ती रडायला लागली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, चपला घातल्या आणि बाईंच्या घरी गेला. तिथे दारातच उभं राहून त्याने माफी मागितली. बाईंनी खुर्ची पुढे केली, तो बसला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याने दुकानात पाय ठेवला नाही. वर खिडकीपाशी बसायचा. मुलाने समजावलं, "बाबा, एखादी चूक कुणाचीही होते." तो नुसता हं म्हणायचा. येणारे-जाणारे विचारायचे, "डॉक्टर कुठेत?" सून सांगायची, "जरा बरं नाही." जेवण मात्र त्याचं दिवसेंदिवस कमी होत गेलं.

महिन्याभराने तिने एक मशीन उचलून वर नेलं. त्याच्यापुढे टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, हे तापतच नाही. मला काही सुधरत नाही. तुम्ही बघा ना."

त्याने चष्मा लावला. झाकण उघडून आत बघितलं. पाणी तापवणाऱ्या एलिमेंटचं एक टोक सैल होऊन बाजूला आलं होतं. कुणालाही पहिल्या नजरेत दिसलं असतं, तिला तर नक्कीच. त्याची बोटं तिथवर गेली आणि थांबली.

त्याने झाकण हळूच बसवलं आणि मशीन तिच्याकडे सरकवलं.

"हे तुला येतं, पोरी," तो म्हणाला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

मशीन घेऊन जिना उतरताना तिला पुढची पायरी दिसत नव्हती.