मागच्या दाराने निवडलेली गाडी

नगराळे भाऊजी गेल्याचा फोन आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "कोण म्हणतं?" पलीकडे त्यांची बायको कमल होती. ती जरा थांबली आणि म्हणाली, "मीच म्हणते, सुमनताई." नवऱ्याच्या मरणाची बातमी देणाऱ्या बाईकडे मी साक्षीपुरावा मागत होते... वय वर्षं बहात्तर, तरी खोड जात नाही. आई म्हणायची, सुमनला सूर्य उगवला म्हणून सांगा, ती आधी अंगणात जाऊन खात्री करेल. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. लिहायला बसले आहे, कारण ज्या माणसावर मी आयुष्यात सर्वांत जास्त संशय घेतला, त्याचा हिशेब माझ्याकडून चुकला होता, हे मला त्याच्या माघारी कळलं.

भाऊजी मूळचे वर्ध्याकडचे, आम्ही नागपूरचे. आमचे हे, म्हणजे मेश्राम साहेब, एका सरकारी कंपनीच्या कचेरीत होते आणि भाऊजी हवाई दलाच्या वाहन विभागात. बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात खुर्च्या मांडताना दोघांची ओळख झाली, आणि निवृत्तीनंतर दोघंही इथेच, लखनौच्या इंदिरा नगरमध्ये दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहिले. भाऊजी उंच, मिशा पांढऱ्या, बोलणं मोजकं. मोजकं बोलणारा माणूस न बोललेलं सगळं कुठे साठवत असेल, या विचारानेच मी त्यांच्यावर पहिल्या दिवसापासून नजर ठेवून होते.

अकरा वर्षांपूर्वी आम्ही गाडी घ्यायची ठरवलं. पहिलीच गाडी. मुलाची, निशांतची, पुण्याला बदली होणार हे जवळपास नक्की होतं, म्हणजे ती वापरायची आम्हा दोघांनाच. सब्जीमंडी, दवाखाना, कुणाचं लग्नकार्य. तरी निशांतला उंच, काळी, समोरून आली की लोकांनी बाजूला व्हावं अशी गाडी हवी होती. ह्यांना डिझेलवर चालणारी लांबलचक, मलिहाबादहून दशहरी आंब्यांच्या पेट्या एका खेपेत आणता येतील अशी. वर्षातून किती पेट्या आणायचो? दोन. आणि मला मरून रंगाची, कारण माझ्याकडे त्या रंगाची पैठणी होती. आता हसू येतं, पण एकसष्ट वर्षांची ती शहाणी बाई शोरूममध्ये पदर बॉनेटला लावून बघत होती, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय, कारण डोळे माझेच होते.

शेवटी ह्यांनी भाऊजींना बोलावलं. भाऊजींची तऱ्हा निराळी. शोरूममध्ये विकणारा पोरगा इंजिनाची स्तुती गात असायचा आणि हे गायब. कुठे, तर मागच्या दाराने वर्कशॉपमध्ये. तिथे मेकॅनिक लोकांबरोबर उकिडवे बसून चहा प्यायचे आणि कोणती गाडी किती दिवसांपासून पडून आहे, कोणत्या गाडीचा सुटा भाग लवकर येत नाही, ते बघायचे. "पुढून तर सगळ्याच नवऱ्या गोऱ्या दिसतात, वहिनी," एवढंच म्हणाले. मी मनात म्हटलं, असं? मग परत आल्यावर त्या विकणाऱ्या पोराशी कानात काय बोलता? कारण ते मी पाहिलं होतं. प्रत्येक शोरूममध्ये, आम्ही जरा पुढे गेलो की, भाऊजी मागे रेंगाळायचे आणि त्या पोराच्या कानाशी लागायचे. आणखी एक होतं. प्रत्येक गाडीत ते मला स्टिअरिंगसमोर बसवायचे. क्लच दाबा, वहिनी. बॉनेटचं टोक दिसतं का? आरसा हाताला येतो का? मी आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती. आणि ज्यांची गाडी ते साहेब मागच्या सीटवर, खिडकीबाहेर बघत, गप्प. भाऊजींनी निशांतची काळी नाकारली, ह्यांची लांबलचक नाकारली आणि एका छोट्या, पांढऱ्या, पेट्रोलवरच्या गाडीवर बोट ठेवलं. दवाखान्याच्या कंपाउंडरसारखी दिसणारी गाडी. निशांत वैतागला. पण हे लगेच "हो" म्हणाले. घरात चटणीला मीठ कमी की जास्त यावर तासभर वाद घालणारा माणूस लगेच हो म्हणतो, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय.

माझा तर्क तयार होता. भाऊजींचं शोरूमवाल्याशी साटंलोटं आहे आणि माझा भोळा नवरा त्यात फसलाय. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारी भजनाला जाते सांगून मी ई-रिक्षाने एकटी गोमती नगरला, त्या पांढऱ्या गाडीच्या शोरूममध्ये गेले. ओळखू येऊ नये म्हणून सुनेचा काळा गॉगलही लावला होता. आत शिरताक्षणी तो पोरगा म्हणाला, "आइए मेश्राम आंटी." तर ते एक असो. मी गॉगल काढला आणि सरळ विचारलं, काल आमच्यासोबत आलेले ते मिशीवाले सर तुझ्या कानात काय सांगत होते? तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "वो तो बस यही पूछते हैं, आंटीजी, कि आपके चलाने के लिए कौन-सी आसान रहेगी. कह रहे थे, साहब की नज़र अब गाड़ी चलाने लायक नहीं रही... आपको नहीं पता?"

मला नव्हतं पता. मला शेजारणीच्या सुनेचं भांडण पता होतं, दूधवाल्याने पाणी कधी घातलं ते पता होतं. पण हे कपाच्या बाहेर चहा ओतायचे तेव्हा मी त्यांना वेंधळे म्हणत होते. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी स्कूटर विकली, ते मी निमूट मानलं होतं. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या बाईने एकाच माणसाला मोकळं सोडलं होतं.

तिथून मी घरी न जाता भाऊजींच्या दारात गेले. ते अंगणात कुंड्यांना पाणी घालत होते. मला बघून त्यांनी नळ बंद केला. काचबिंदू आहे, म्हणाले, सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं. थेंब घालायला दिलेत, पण साहेब घालत नाहीत. घरात बाटली दिसली तर तुम्हाला कळेल म्हणून. "रागवा तर माझ्यावर रागवा, वहिनी. साहेब तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगणार होते. मीच अडवलं. म्हटलं, गाडी दारात येऊ द्या, वहिनींना शिकू द्या, मग सांगा."

सहा महिने थेंबाविना गेले होते. त्या सहा महिन्यांत जी नजर गेली ती परत येणारी नव्हती, हे पुढे डॉक्टरांनीही सांगितलं. ते मी भाऊजींना कधी माफ केलं नाही. गाडी आली ती पांढरीच. भाऊजींनीच मला शिकवली, पहाटे मोकळ्या मैदानात आणि मग मलिहाबादच्या रस्त्यावर. चढावर गाडी मागे यायला लागली की मी किंचाळायचे आणि ते शांतपणे म्हणायचे, "काहून घाबरता? मागे कोणी नाही, आपणच आहोत." दर महिन्याला ह्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात मीच नेत आले आणि या अकरा वर्षांत गाडीने रस्त्यात एकदाही दगा दिला नाही. तरी भाऊजी चहाला आले की कप हातात देताना एक टोमणा ठरलेला: तुमच्या हुशारीपायी आमच्या घरात सहा महिने खोटं नांदलं. ते मान खाली घालून चहा प्यायचे. हे समोरच बसलेले असायचे.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी ह्यांना घेऊन गेले. ह्यांना आता फक्त सावल्या दिसतात. दोघंही भाऊजींच्या फोटोला फूल वाहून निघालो. परतीच्या वाटेवर सिग्नलला गाडी थांबली तेव्हा हे म्हणाले, "सुमन, नगराळेनं मला अडवलं नव्हतं."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"तो रोज मागे लागायचा, वहिनींना सांगा म्हणून. मीच म्हटलं, तू सांगितलंस तर आपली दोस्ती संपली. माझ्यानं तुझ्यावर ओझं होऊन बसणं होणार नव्हतं, सुमन."

"मग ते स्वतःवर का घेतलं त्यांनी?"

"मीही विचारलं त्याला. म्हणाला, वहिनी माझ्यावर रागावल्या तर मी उठून माझ्या घरी जाईन. तुमच्यावर रागावल्या तर तुम्ही कुठे जाल?"

मागून हॉर्न वाजायला लागले. मी गिअर टाकला. अकरा वर्षांचे टोमणे, प्रत्येक कपाबरोबर एक, त्या माणसाने साखरेसारखे ढवळून पिऊन टाकले. आणि हा माझा नवरा समोर बसून ऐकत होता...

घरासमोर आले, इंजिन बंद केलं. भाऊजींनी एक सवय लावली होती, ती मी कुणाला सांगत नाही. इंजिन बंद झाल्यावर लगेच उतरायचं नाही. थोडं बसायचं आणि गाडी कशी थंड होते ते ऐकायचं. नेहमी मी घाईघाईने पलीकडे जाऊन ह्यांचं दार उघडून देते. ह्यांचा हात दाराची कडी चाचपडत होता. मी म्हटलं, "बसा जरा." त्यांनी हात मांडीवर घेतला. बॉनेटखाली काहीतरी टिक टिक करत होतं, हळूहळू विरळ होत चाललेलं. ते थांबल्यावरही मी उठले नाही. ह्यांचं दार उघडायला त्या दिवशी मी किती वेळाने गेले, ते मात्र तुम्हाला सांगणार नाही.