वाफ न देणाऱ्या आत्या

नाशिक रोडला बायकांना कमरेखालची वाफ देणाऱ्या बऱ्याच जणी होऊन गेल्या, पण वाफ न देऊन नावारूपाला आलेली बाई एकच. माझ्या बायकोची आत्या. एखाद्या न्हाव्यानं दुकानाच्या दारात उभं राहून प्रत्येक गिऱ्हाइकाला 'तुमचे केस बरे दिसतात, घरी जा' असं सांगायला सुरुवात केली, तर त्याच्या दुकानाला आठवड्यात कुलूप लागेल. आत्यांची रांग मात्र वाढत गेली. दहा बायका यायच्या, त्यातल्या सहा वाफ न घेता परत जायच्या आणि जाताना पुढच्या चौघींना पत्ता देऊन जायच्या. हे गणित मला कधी सुटलं नाही. नोटांच्या प्रेसमध्ये पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला न सुटणारं काही जगात असू शकतं हे मान्य नसतं, म्हणून मी त्यांची टिंगल करायचो.

आत्या वणीकडच्या. त्यांची आई गावात सुईण होती. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून ओवा आणि बाळंतशेपा यांची धुरी कशी द्यायची हे आत्या परकर नेसायच्या वयापासून पाहत आलेल्या. यजमान गेल्यावर त्या आमच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन राहिल्या आणि परसात त्यांचं काम सुरू झालं. सामान तीन वस्तूंचं. एक पितळी पातेलं घट्ट झाकणासकट, एक किल्लीचं गजराचं घड्याळ आणि बसायच्या फळीला मधोमध गोल भोक पाडलेलं सागवानी स्टूल. ते भोक पाडायला त्यांनी सुताराकडे स्टूल नेलं तेव्हा सुतारानं विचारलं होतं, "आत्या, कुंडी ठेवायचीय का?" आत्या म्हणाल्या, "व्हय. लय नाजूक झाड हाय. कडा घासून गुळगुळीत कर, कुसळ ऱ्हायलं तर तुलाच बसवीन." सुतारानं म्हणे दोनदा पॉलिश मारलं.

पण स्टुलापर्यंत पोचणं सोपं नव्हतं. आधी प्रश्न. पाळी चालू हाय का? दिवस गेल्याची शंका? बाळंत होऊन किती दिवस झाले, टाके भरले का, डॉक्टरीण काय म्हणली? ताप? खाज? जळजळ? अंगावरून जातं त्याला वास हाय का? तांबी बसवलीय का? एकाही उत्तराला बाई अडखळली की आत्या पदर खोचून उभ्या राहायच्या, म्हणजे मुलाखत संपली. आम्ही कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांनी त्या परसाला 'आत्यांचा चेकनाका' असं नाव पाडलं होतं. नाव अर्थात मी पाडलं. एकदा पिंपळगावहून एका द्राक्षवाल्याची बायको मोठी गाडी घेऊन आली. गल्लीत गाडी वळेना म्हणून अर्धी गल्ली रस्त्यावर आली होती. प्रश्न सातव्यावर थांबले. आत्या म्हणाल्या, "बाई, ही जळजळ हाय, वासबी हाय. आधी डॉक्टरणीला दाखवा, गोळ्या घ्या, बरं वाटू द्या. वाफेनं आत्ता वाढंल." बाई हिरमुसल्या. निघताना ड्रायव्हरला द्राक्षांची पेटी परत गाडीत ठेवायला सांगू लागल्या, तशा आत्या म्हणाल्या, "पेटी ऱ्हाऊ द्या. तिला काय झालेलं नाय." महिनाभरानं तीच बाई बरी होऊन पुन्हा आली, दुसरी पेटी घेऊन.

ज्यांना परवानगी मिळायची त्यांचेही हाल काही कमी नव्हते. पाणी उकळलं की कडुलिंबाचा पाला आणि ओवा टाकून आत्या पातेलं शेगडीवरून उतरवायच्या, झाकण लावायच्या आणि खुशाल गहू निवडत बसायच्या. बाई स्टुलावर लुगडं गुंडाळून तयार, आणि या गहू निवडताहेत. मग झाकण चार बोटं सरकवायचं आणि त्या फटीवर मनगटाची आतली बाजू धरायची. तीसपर्यंत आकडे मोजायचे. हात मागे घ्यावासा वाटला तर पुन्हा झाकण, पुन्हा गहू. वाफ दहा मिनिटं. गजर झाला की ऊठ. एखादी म्हणालीच, "आत्या, अजून पाच मिनिटं, लय बरं वाटतंय," तर आत्या म्हणायच्या, "बरं वाटतंय तवाच उठायचं असतं."

ही मनगटाची खोड परसापुरती राहिली असती तर ठीक होतं. पण त्या आमच्याकडे चहाला आल्या की कपावर मनगट. नातवाच्या आंघोळीच्या बादलीवर मनगट. एका मुंजीत त्यांनी पंगतीत वरणाच्या बादलीवर मनगट धरलं आणि वाढपी तीस आकडे होईपर्यंत वाकून उभा राहिला. मी म्हणालो, "आत्या, वरणाला पाळी येत नाही." पंगत हसली. आत्या म्हणाल्या, "जावईबापू, भाजायला पाळी लागत नाय."

तेव्हा गंगापूर रोडला एका पार्लरमध्ये हीच वाफ मेणबत्त्या लावून आणि बासरीची टेप वाजवून द्यायला लागले होते. शरीरातली सगळी घाण बाहेर पडते, मूल राहतं, वजन उतरतं, असं त्यांच्या पत्रकात होतं. मी ते मुद्दाम आत्यांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "घाण वाफंनं जात आसंल तर देवानं पोटात एवढं सामान कशापायी भरलंय? वाफ म्हंजी चा. चानं तरतरी येती, निमोनिया जात नाय." हे वाक्य मी कट्ट्यावर माझंच म्हणून वर्षभर वापरलं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

चार वर्षांपूर्वी आमची ही आत्यांकडे गेली. पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती आणि तीन दिवस पुन्हा डाग दिसत होते. अंगात उष्णता झाली असेल, वाफ घेतली की बरं वाटेल, असं तिला वाटलं. आत्यांनी प्रश्न विचारले. डागांचं ऐकलं तशी पेटवलेली शेगडी त्यांनी पाणी ओतून विझवली आणि तिला हाताला धरून आमच्या घरी घेऊन आल्या. "जावईबापू, गेलेली पाळी परत येत नसती. हे वाफेचं काम नाय. उद्या सकाळी डॉक्टर."

मी पेपर वाचत होतो. म्हणालो, "आत्या, तुम्हाला दुसऱ्याला परत पाठवायची सवयच झालीय. आता घरच्यांनाही पाठवायला लागलात?" त्या म्हणाल्या, "हसा. पर उद्या जा."

उद्या मी गेलो नाही. परवाही नाही. आठवडाभर बघू म्हणालो. आणि चौथ्या दिवशी, एवढी वर्षं ज्या कामाची टिंगल केली ते किती सोपं आहे हे दाखवण्याची हुक्की मला आली. घरातलं मोठं पातेलं घेतलं, लिंबाचा पाला टाकला, खळखळ उकळलं आणि तसंच उघडं, झाकणाशिवाय, वेताच्या फाटक्या खुर्चीखाली सरकवलं. ही म्हणाली, "अहो, आत्या आधी थांबतात." मी म्हणालो, "आत्यांना गहू निवडायचे असतात." ती बसली. चाळीस वर्षं माझं ऐकायची सवय. पुढच्याच क्षणी ती किंचाळून उठली, खुर्ची कलंडली, पाय पातेल्याला लागला. मांडीवर तळहाताएवढे फोड आले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे कुणी केलं?" मी म्हणालो, "आमच्या नात्यात एक आत्या आहेत, त्या देतात वाफ." या वाक्यात एक अक्षर खोटं नाही. आयुष्यात इतकं बिनचूक खोटं मी दुसरं बोललेलो नाही. हिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. मलमपट्टी होत असताना हिनंच डागांचं सांगितलं. मग तपासण्या, मग गर्भाशयातली गाठ, सुरुवातीचीच होती, मग ऑपरेशन. आज ती ठणठणीत आहे. पण हे माझ्यामुळे नाही. मी तर आठवडा 'बघत' होतो.

आत्या भेटायला आल्या तेव्हा ही झोपली होती. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एकच विचारलं, "झाकण?" मी खाली पाहिलं. त्या उशाशी डबा ठेवून निघून गेल्या.

कट्ट्यावर मी काही सांगितलं नाही. लोकांनी आपापलं जुळवलं आणि मी मान हलवत राहिलो. सोसायटीच्या बायकांनी परसाकडे जाणं बंद केलं. चेअरमनसाहेब आत्यांना म्हणाले, "जीव जायचा असता एखादीचा." ज्या बाईनं माझ्या बायकोचा जीव वाचवला तिला हे ऐकावं लागलं, आणि ते बोलणाऱ्याला चहा मी पाजला होता. आत्यांनी खुलासा केला नाही. महिन्याभरात खोल्या सोडून त्या वणीला परत गेल्या. स्टूल टेम्पोत चढवताना मी गॅलरीतून पाहत होतो. खाली उतरून हातभार लावायलाही गेलो नाही.

हिनं चार वर्षांत हा विषय काढला नाही. गेल्या महिन्यात भाजी निवडता निवडता म्हणाली, "आत्यांना आता दिसत नाही म्हणे नीट. तुम्ही जाताय, की मी कट्ट्यावर येऊन सांगू?"

मी वणीला गेलो. आत्या ओट्यावर बसल्या होत्या. मी हाक मारली, तशी त्यांनी आवाजावरून ओळखलं. मी वाटेत सगळं भाषण जुळवलं होतं, त्यातलं एवढंच बाहेर आलं, "आत्या, ती वाफ मी दिली होती. झाकण नव्हतं."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "मी उघड्या पातेल्यावर बसवीन का कुणाला?"

"मग बोलला का नाहीत?"

"पोरीला तुमच्याच घरात ऱ्हायचं व्हतं ना." मग त्यांनीच विचारलं, "आता डाग नाय ना दिसत तिला?"

"नाही."

"दरसाल दाखवती ना डॉक्टरणीला?"

"दाखवते. मीच घेऊन जातो."

"मग झालं."

मी म्हणालो, नाशिक रोडला परत जाऊन सगळ्यांना सांगतो. त्या म्हणाल्या, "सांगा. आता तिथं कोण वाफ मागाया येणार हाय मला? पर सांगा." म्हणून हे लिहिलं आहे, आणि रविवारी कट्ट्यावर वाचणार आहे. चेअरमनसाहेबांनी पुढच्या बाकावर बसावं.

शेजारच्या सुनेनं चहा आणून ठेवला. आत्यांनी चाचपत माझा कप शोधला, मनगट उलटं केलं आणि वाफेवर धरलं. त्या ओठांतल्या ओठांत मोजू लागल्या. मध्ये आकडा चुकला, पुन्हा एकपासून सुरू केलं. मी वरणाच्या त्या वाढप्यासारखा वाकून थांबलो. तीस झाल्यावर त्यांनी कप माझ्याकडे सरकवला.

"घ्या," म्हणाल्या. "आता भाजणार नाय."