लिंबोणीच्या आळ्यात काबरी

दुपारी एक ते चार आमच्या जामनगरच्या शेरीत, म्हणजे गल्लीत, कावळासुद्धा बेतानं ओरडतो. दुकानं बंद, दारं लोटलेली, माणसं आडवी. प्राणजीवनभाई धोळकियांच्या दारात मात्र गेला पंधरवडा भर दुपारी एकच आवाज: कूं, कूं, कूं.

तारखात्यातून निवृत्त झाल्यावर प्राणजीवनभाईंनी दोनच गोष्टी मागितल्या होत्या. दुपारची झोप, आणि दाराजवळच्या हातभर मातीत लावलेल्या लिंबोणीला एक तरी लिंबू. सहा वर्षं झाडानं नुसते काटे दिले. यंदा माघात पहिल्यांदा अकरा फुलं आली. रोज सकाळी ते मोजायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आकडा सांगायचे.

आणि नेमकी तिथंच काबरी व्यायली. काबरी म्हणजे शेरीतली ठिपक्याठिपक्यांची कुत्री. लिंबोणीच्या आळ्यात तिनं मुळं उघडी पडतील एवढा खड्डा केला, पाच पिल्लं घातली, आणि प्राणजीवनभाई पाण्याचा तांब्या घेऊन आले की त्यांनाच दात दाखवू लागली. मुळं उघडी, वर पाणी नाही; दोन दिवसांत तीन फुलं गळली.

हाकलायची सोय नव्हती. कुत्री व्यायली की तिला शिरा करून घालायचा, ही आमच्याकडची रीत. बाळंतिणीचा मान तिला. सकाळपासून बायका वाट्या झाकून यायच्या, शिरा ठेवायच्या, पिल्लांचे रंग कुणावर गेलेत याची चर्चा करायच्या. प्राणजीवनभाईंनी एकदा दबक्या आवाजात म्हटलं, की हिला जरा पलीकडे हलवली तर? समोरच्या कंचनबेननी त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू त्यांनी स्वतःच्या सुनेला बाळंतपणात घराबाहेर काढायची गोष्ट केली.

मग त्यांनी युक्ती काढली. शिरा आपणच करायचा, शेरीच्या तोंडाशी पिंपळाखाली ठेवायचा. काबरी खायला गेली की पिल्लंही टोपलीतून तिकडंच पोचवायची. ते कणीक भाजायला बसले तेव्हा वसुमतीबेन, त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघराच्या दाराला टेकून बघत होत्या.

"चाळीस वर्षांत मला कधी चहा करून दिला नाहीत. कुत्री नशिबाची हो."

"तूप किती घालू तेवढं सांग."

"घाला सढळ हातानं. तिच्या माहेरचं थोडंच येणार आहे?"

शिरा इतका जमला, की वास शेरीभर गेला. काबरी पिंपळाखाली गेली, पातेलं चाटूनपुसून लख्ख केलं. पण प्राणजीवनभाई टोपलीत दुसरं पिल्लू ठेवेपर्यंत परतही आली. या वेळी गुरगुरली नाही. त्यांच्या हाताला शिऱ्याचा वास होता. तिनं आधी हात चाटला आणि मग टोपलीतलं एकेक पिल्लू उचलून पुन्हा खड्ड्यात नेऊन ठेवलं.

तोवर बायका जमल्याच होत्या. कंचनबेननी रिकामं पातेलं पाहिलं आणि निकाल दिला.

"पाच घरी पाच चुली कशाला? प्राणजीवनभाईंच्या हाताचा तिला आवडलाय. पिल्लं हिंडायला लागेपर्यंत कणीक, गूळ, तूप सगळं इथंच पाठवू."

प्राणजीवनभाईंना कुणी विचारलं नाही.

आता रोज दुपारी सगळी शेरी झोपते तेव्हा ते घाम पुसत कणीक परततात. काबरीचं तोंड पातेल्यात असतं तेवढ्याच वेळात मुळांवर माती ओढायची, एक तांब्या पाणी ओतायचं. पोट भरलं की ती येऊन सगळं पुन्हा उकरते. दुसऱ्या दिवशी परत तेच. झोपेवाचून त्यांचे डोळे तांबारलेत, आणि कुणी रामराम केला तरी ते वसकन अंगावर येतात. फुलं सात झाली, चार झाली, दोन राहिली.

काल शेवटच्या दोन फुलांच्याही पाकळ्या गळाल्या. एकाच्या जागी काहीच उरलं नाही. दुसऱ्याच्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढं हिरवं काहीतरी होतं. प्राणजीवनभाई चष्मा पुसून पुसून ते बघत बसले.

गूळ द्यायला आलेल्या कंचनबेननी विचारलं, "लिंबू धरलं म्हणे?"

"एक धरलंय," ते म्हणाले. "पण सरबत मागायला याल तर येताना माझी पंधरा दुपारांची झोप घेऊन या."

खड्ड्यातून कूं, कूं सुरू झालं. ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि कणकेचा डबा काढायला आत गेले.