तात्सुएबाईंचा डेलिया आणि दारासमोरचा दिवा

डावीकडे एक बंद पडलेलं केशकर्तनालय. दाराशी लाल-निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब, आता न फिरणारा. उजवीकडे अवजारांची लाकडी खोली. मध्ये हातरुमालाएवढं अंगण आणि त्यात छपराच्याही वर गेलेलं, बांबूसारख्या पेरांचं एक झाड. मागे नदी, नदीपलीकडे वृद्धाश्रमाची तीन मजली पिवळी इमारत. ऑक्टोबरची संध्याकाळ. डोंगरामागून उजेड हळूहळू काढता पाय घेतो आहे. अंधार आता प्रवेश करणार, एवढ्यात खट्! दारासमोरच्या खांबावरचा नवा दिवा लागतो, पांढराफटक, आणि अंगणातून आवाज येतो, "लागलास का मेल्या? जळो तुझं तोंड!"

तात्सुएबाई दिव्याशी बोलत होत्या. माणसांशीही त्या साधारण असंच बोलतात.

शिमोझावा या आमच्या जपानी डोंगरगावातल्या पुरुषांचे केस त्यांनी आयुष्यभर कापले. नवरा गेला, हात थरथरू लागला, तसं दुकान बंद केलं. "गल्लीतल्या प्रत्येकाचं डोकं मी हातात धरलंय," त्या म्हणतात, "आत किती आहे ते मला विचारा." आमची नाटकमंडळी गरम पाण्याच्या झऱ्यांवरच्या नाट्यगृहात महिना महिना मुक्काम करायची, तेव्हा टोपाखालचं माझं डोकंही त्यांच्याच हाती असायचं. नाट्यगृह बंद झालं, मंडळी पांगली, मी इथेच राहिलो. तेव्हापासून त्या मला "नटवर्य" म्हणतात. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मी मोजत नाही.

त्यांच्या झाडाला इकडे सम्राट डेलिया म्हणतात. कुंडीतला बुटका डेलिया वेगळा. हा वसंतात जमिनीतून निघतो आणि शरदापर्यंत घराला मागे टाकतो. फुलं मात्र वर्ष सरताना, अगदी शेंड्याला, ताटलीएवढी, फिकट जांभळी. उबदार गावात याचं कौतुक नाही. आमच्या खोऱ्यात मात्र नोव्हेंबरात दंव गोठतं आणि एका पहाटेत सगळं झाड उकडलेल्या पालकासारखं काळंठिक्कर पडून लोंबतं. म्हणजे इथे दरवर्षी शर्यत असते. फूल आधी की दंव आधी?

ही शर्यत बघायला एक प्रेक्षक होता. पलीकडच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी लावलेल्या पलंगावर. शिगेनोबाई, तात्सुएबाईंची नणंद. दोघींचं लग्नाच्या दिवसापासून पटलं नव्हतं. सूप खारट, किमोनोची घडी वाकडी, वहिनीची जीभ तिखट. नणंद आश्रमात गेली तरी रोज सकाळी फोन करायची.

"काय गं तात्सुए, यंदा नुसता बांबूच का?"

"वन्सं, चष्मा पुसा आधी!"

"पुसूनच बघतेय. या खोऱ्यात तो फुलायचा नाही, मी तेव्हाच सांगितलं होतं."

दरवर्षी तो फुलायचा. दरवर्षी नणंद म्हणायची, "बरा आहे," आणि फोन ठेवायची. त्या दोन शब्दांवर तात्सुएबाई पुढचं वर्ष काढायच्या, पण हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. यंदा शिगेनोबाईंचा मुलगा त्यांना नोव्हेंबरच्या अखेरीस समुद्रकाठी, चिबाला, आपल्या घरी नेणार होता. म्हणजे हा शेवटचा खेळ होता. आणि यंदाच झाडाला एक कळी दिसेना.

"आजारी असेल," मी म्हणालो.

"आजारी? खोड बघा, तुमच्या पोटरीहून जाड आहे. इकडे या." त्यांनी मला दंडाला धरून अवजारांच्या खोलीमागे नेलं. एकच फांदी भिंतीच्या आडोशाला वळली होती. तिच्या टोकाला वाटाण्याएवढ्या हिरव्या कळ्या. "हिला दिवा दिसत नाही. बाकीच्यांना दिसतो. रात्र लांबली की हे झाड कळी धरतं, आणि इथे रात्रच होत नाही! झाड बिचारं अजून उन्हाळाच समजतंय."

आता हा दिवा आला कसा, ते ऐका. माझा संताप तिथून सुरू होतो.

वस्तीच्या मंडळाचे प्रमुख ओगिवारा जूनमध्ये आले, रुमालाने मान पुसत. "आजी, तुमच्या दारासमोर अंधार असतो. एकट्या राहता. मंडळातर्फे दिवा बसवतोय." तात्सुएबाई म्हणाल्या, "अहो नको, माझ्यासाठी कशाला?" त्यांनी पुन्हा विचारलं. "खरंच नको." पुन्हा विचारलं. "नको हो!" ओगिवारा समाधानाने वाकले, चहा प्यायले, लोणच्याचं कौतुक केलं आणि दिवा मंजूर करून मोकळे झाले. कारण आमच्याकडे तीन वेळा नको म्हणणं म्हणजे सभ्य माणसाचं हो. खरा नकार द्यायचा तर दातांतून हवा ओढायची, मान कलती करायची, "ते जरा..." म्हणायचं आणि वाक्य तिथेच सोडून द्यायचं. मग कोणी पुन्हा विषय काढत नाही. तात्सुएबाईंनी स्वच्छ शब्दांत नाही म्हटलं, म्हणून कोणी ऐकलंच नाही. एवढी वर्षं इथे काढून मला ही रीत अजून पचत नाही. माणसाने तोंडाने बोललेलं खोटं आणि दातांतून फुसकारलेलं खरं!

आम्ही दोघं मंडळात गेलो. ओगिवारांनी दातांतून हवा ओढली. "दिवा काढणं... ते जरा..."

"जरा काय?" तात्सुएबाई म्हणाल्या. "वाक्य पुरं कर. लहानपणी खुर्चीत बसून रडायचास तेव्हा तरी पूर्ण रडायचास."

"आजी, सगळ्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. एका फुलासाठी..."

"एका फुलासाठी नाही रे," त्या म्हणाल्या. मला माहीत होतं कशासाठी. पण नणंदेचं नाव त्या चारचौघांत घेतील तर शपथ.

परतताना त्या म्हणाल्या, "नटवर्य, अंधार करता येतो का तुम्हाला?"

रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या माणसाला हा काय प्रश्न झाला? माझ्या माळ्यावर मंडळीचं थोडं सामान होतं. जाड, अस्तर लावलेला एकच पडदा शिल्लक होता. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चार उंच बांबू रोवले आणि झाड व दिवा यांच्यामध्ये तो ताणून बांधला. संध्याकाळी दिवा लागला. झाडावर गडद सावली पडली. तात्सुएबाईंनी टाळ्या वाजवल्या. आम्ही आत जाऊन नूडल्स खायला बसलो.

एक गोष्ट आम्हा दोघांच्याही डोक्यात आली नाही. तो पडदा काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा होता. आमच्या एका नाटकातल्या अंत्यविधीच्या प्रवेशाचा. आणि असा पडदा इकडे घराभोवती फक्त एकाच कारणासाठी लागतो.

नूडल्स संपायच्या आत दार वाजलं. दारात ओगिवारा उभे. काळा सूट, काळा टाय, हातात जपमाळ. मागे आंबवलेल्या सोयाबीनचा मिसो विकणाऱ्या काकू, टपालवाले काका, त्यांच्यामागे आणखी लोक, सगळे काळ्या कपड्यांत, सगळ्यांचे डोळे जमिनीकडे. ओगिवारा मान खाली घालूनच बोलू लागले, "असं अचानक... शब्द सुचत नाहीत. आजींसाठी मंडळ काहीही करायला तयार होतं, पण त्यांनी कधी काही मागितलं..."

"दिवा काढ म्हटलं होतं," तात्सुएबाई म्हणाल्या.

ओगिवारांनी वर पाहिलं. जपमाळ गळून पडली. मिसोवाल्या काकू मट्कन पायरीवर बसल्या.

"आजी... तुम्ही..."

"मेले नाही. नूडल्स खातेय." त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तसा आवाज मी रंगमंचावरही क्वचित ऐकला आहे. "वा! मेले म्हटल्यावर कशी सगळी गल्ली आली! इस्त्रीचे कपडे घालून आली! जिवंतपणी तुमच्या दारी आले तर दातांतून हवा. माझी शांती करायला आलात ना? मग त्या मेल्याला विझवा, तीच माझी शांती! आणि तू रे, 'काहीही करायला तयार होतं' म्हणालास, ते आता सगळ्यांनी ऐकलंय."

कोणीतरी मागे फिसकन हसलं. बहुतेक टपालवाले काका. मग हसू सगळ्या काळ्या कपड्यांतून पसरलं आणि ओगिवारांचे कान लाल झाले. तरी माझा राग उतरला नाही. भल्या माणसांचाच राग जास्त येतो. यांना दया दाखवायला मढं लागतं का?

पण खरं ते सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी ओगिवारा स्वतः शिडी घेऊन आले आणि त्यांनी दिव्याला झाडाच्या बाजूने पत्र्याची झापड बसवली. रस्त्यावर उजेड, अंगणात अंधार. एवढंच काम होतं! जूनपासून एवढंच!

तोपर्यंत उशीर झाला होता. कळ्या धरल्या, पण दंवही निघालं होतं. मग गल्ली कामाला लागली. गार, निरभ्र संध्याकाळ दिसली की काकू, काका आणि ओगिवारा बांबूच्या टोकांनी जुन्या चादरी उचलून शेंड्यावर पांघरायचे, आणि तात्सुएबाई खालून ओरडायच्या, "डावीकडे! कळी मोडशील! तुला वस्तरा धरायला शिकवलं असतं तर गावाचे गळे कापले असतेस!" खालची पानं काळी पडली. शेंडा टिकला.

नणंद जायच्या आदल्या सकाळी तीन फुलं उमलली. तीनच. निळ्या थंड आकाशात फिकट जांभळी. तात्सुएबाई फोनजवळ बसून राहिल्या. फोन आला.

"तीनच का गं?"

"मोजता आली ना? म्हणजे दिसली."

पलीकडून काच पुसल्याची किरकिर आली. मग, "बरी आहेत." फोन ठेवला गेला.

दुसऱ्या पहाटे दंवाने सगळं नेलं. चादरीसकट झाड कोसळलं होतं. मी गेलो तेव्हा तात्सुएबाई करवतीने पुढच्या वसंतात लावायला खोडाची पेरापेराची कांडं करत होत्या आणि भाताच्या तुसाने भरलेल्या खोक्यात निजवत होत्या. पुलावरून मुलाची पांढरी गाडी गेली. त्यांनी मान वर केली नाही. मी विचारलं, "वन्संना काही निरोप?"

त्यांनी दोन जाड कांडं वेगळी काढली, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळली, माझ्या हातात कोंबली आणि म्हणाल्या, "ही टपालाने पाठवा तिला. आणि सांगा, चिबाला दंव पडत नाही, तिथे काय, कोणीही फुलवेल!"