मोकळ्या गळ्याचे जनावर

दिवाळीच्या सुट्टीत शाळामास्तराने आठ दिवस नुसते लोळावे, याहून मोठी इच्छा मला नव्हती. पण बेळगावच्या खासबागेतल्या खोलीला कुलूप लावून मी बेळगुंदीची वाट धरली. तिथे आमचे शेत आहे आणि त्या शेतावर वैनी एकट्या राबतात. माझा थोरला भाऊ अण्णा दोन वर्षांपूर्वी बटाट्याची गाडी घेऊन वेंगुर्ल्याला गेला, तो परत आलाच नाही. आंबोली घाटाच्या एका वळणावर त्याचा सर्जा बैल पाय घसरून दरीत गेला होता. अण्णाने कशीबशी खेप पोचवली, उरलेला बैल आणि गाडी गाववाल्यांबरोबर परत धाडली, आणि स्वतः खालीच राहिला. गेल्या साली मी त्याला आणायला गेलो होतो आणि हात हलवत परत आलो होतो.

आता दोन ओळींचे पत्र आले होते. "रताळ्याचे वेल पाठव. बाकी ठीक."

"म्हंजे तिथंच शेती करायचं ठरलंय की," वैनी म्हणाल्या. तरी त्यांनी वेलांची मोळी ओल्या गोणपाटात गुंडाळून दिली. मग आतून सर्जाचा कंडा (काळ्या लोकरीचा, कवड्या ओवलेला गळपट्टा) आणला. तो फक्त सणाला बांधायचा, म्हणून घरी राहिला होता.

"ह्यो न्या भावजी. मी काय निरोप देत न्हाय. ह्यो बघून आले तर आले. न्हायतर पुन्यांदा तुम्हीबी जाऊ नगा, मीबी वाट बघायची न्हाय."

बेळगावहून निघालेली सर्व्हिस मोटार म्हणजे चाकांवरचा हाडे खिळखिळी करायचा कारखानाच होता. माझ्या शेजारी निपाणीचे एक आप्पा तंबाखूचे गाठोडे मांडीवर घेऊन बसले होते. त्या वासाने मी शिनोळीपासून शिंकत होतो.

"कुठवर म्हणायचं मास्तर?"

"वेंगुर्ल्याला."

"समुद्र बघायला?"

"भावाला आणायला."

"भाऊ काय नारळ हाय व्हय, उचलून आणायला?" आप्पा खो खो हसले. मलाही हसू आले असते, पण पुन्हा शिंक आली.

घाटात मोटारीने दोनदा दम टाकला. एकदा सर्वांनी उतरून ढकलली, त्यात माझ्या डाव्या वहाणेचा अंगठा तुटला. सावंतवाडीला मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी वेंगुर्ल्याला उतरलो तेव्हा एका पायात वहाण आणि एक हातात, डोक्यावर रताळ्याची मोळी, असे माझे ध्यान होते. समुद्र समोर होता. तो मला घरची सगळी कामे संपवून बसलेल्या माणसासारखा वाटला आणि त्याचा हेवा वाटला.

अण्णा गावाबाहेरच्या एका नारळीच्या बागेत शिंपण करी. बागेत तो नव्हता. सुकी मासळी पसरत बसलेल्या एका बाईला विचारले.

"बेळगावचो अण्णा? तो कातळार आसतलो. कासवावांगडा." (तो खडकावर असेल. कासवाबरोबर.) मग माझ्या मोळीकडे बघत म्हणाली, "माणसांवांगडा बोलणा नाय, तिच्यावांगडा बोलता."

खडकांच्या मध्ये एक अरुंद खाच होती आणि तिच्यात काठाशी कमरेइतके, मध्ये खोल पाणी हेलकावत होते. अण्णा काठावर उकिडवा बसला होता. तो काळवंडला होता, दाढी पिकली होती. मला बघून तो उठला नाही.

"आलास व्हय. वेल आणलास?"

दोन दिवसांच्या प्रवासानंतर एवढेच. मला राग आला, पण रागवायलाही अंगात त्राण लागते. मी मोळी खाली टाकली आणि बसलो.

अण्णाने मोळीतली पाने विळ्याने छाटली, ती हातात धरली आणि दुसऱ्या हाताने पाण्यावर तीनदा थाप मारली. आम्ही गाभण म्हशीच्या पाठीवर मारतो तशी, हलकी. थोड्या वेळाने पाण्याखालून सुपाएवढी सावली सरकत आली. मग डोके वर आले, फस्स करून श्वास सुटला, आणि त्या कासवीने अण्णाच्या बोटांमधून पान ओढून घेतले. अण्णाने तिच्या पाठीवरचे शेवाळ अंगठ्याने खरवडले. ती हलली नाही.

"बागेच्या कडेला चार वेल लावलेते," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "हितं धूत बसलो हुतो, एक पान वाहून गेलं. ते हिनं खाल्लं. मग रोज एक पान टाकाय लागलो. आज हितं, उद्या जरा जवळ. हातातनं घ्यायला चार म्हैने लागले बघ. आता वेल संपलेत, म्हणून तुला लिवलं."

मी कंडा त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने एकेक कवडी बोटाने चाचपली.

"वैनी आता पुन्हा बोलवणार नाहीत," मी म्हणालो. "एवढंच सांगायला आलोय."

त्याने कंडा मुठीत धरला. "सर्जाचं दावं माझ्या हातात हुतं, दत्तू. पाय घसरला तवा मी वडलं. सोडलं असतं तर सावरला असता, वडला म्हणून फिरला आणि गेला. आता कंच्या तोंडानं दावणीम्होरं उभा ऱ्हाऊ?" मग कासवीकडे बोट केले. "हिला मी बांधत न्हाय. तरी येती."

त्याच्या खोपीत पेज आणि सुका बांगडा खाऊन मी झोपलो. सगळे अंग ठणकत होते. दुसऱ्या दिवशीही हेच. त्याने बाग शिंपली, आम्ही बागेच्या मालकिणीने दिलेले गूळपोहे खाल्ले, ओहोटी लागली की खडकावर गेलो. मी परतीचा विषय काढला की तो "बघू" म्हणे.

तिसऱ्या दिवशी पाडवा होता. आमच्याकडे पाडव्याला घरातले जनावर धुतल्याशिवाय, सजवल्याशिवाय माणसे गोड खात नाहीत. बेळगावात म्हशींची मिरवणूक निघते. शिंगे रंगवलेली, गळ्यात कंडे. खडकावर जाताना अण्णाने कंडा बरोबर घेतला होता आणि तो नुसता मुठीत चुरगाळत होता. मला वाटले, याच्या मनात काय आहे ते मी ओळखले. पाडवा पार पडला की याचे मन हलके होईल आणि हा माझ्याबरोबर मोटारीत बसेल. आणि खरे सांगायचे तर मला घरी जायचे होते.

कासवी आली. अण्णाने पाने पुढे केली.

"बांधूया," मी म्हणालो.

"नको. पाण्यातलं जनावर हाय."

"सणाचं जनावर मोकळ्या गळ्यानं ठेवायचं? बाबा असते तर?"

वडिलांचे नाव मी मुद्दाम काढले होते. त्याच्या हातातला कंडा मी काढून घेतला, तेव्हा त्याची बोटे जरा घट्ट झाली होती, हे मला आजही आठवते. तिने पानासाठी मान लांब केली, मी तो गळ्यात अडकवून गाठ मारली. तिला हे नवे होते, पण समोर अण्णाचा हात होता, म्हणून ती थांबली. काळ्या लोकरीवर कवड्या शोभून दिसत होत्या. अण्णाही क्षणभर हसला. दोन वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिले.

मग ती खाली गेली. वर आली नाही.

पाणी एका जागी ढवळू लागले. खाचेच्या तळाला कालवांचा खडक होता, सुरीसारख्या कडांचा. त्यात कंडा अडकला होता. कासवाला श्वास घ्यायला वर यावे लागते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते आणि ते मला तेव्हा आठवले. अण्णाला पोहता येत नाही. त्याने विळा घेतला आणि तसाच उतरला. पाणी छातीला, मग गळ्याला, मग तो दिसेनासा झाला. मी काठावर "अण्णा, अण्णा" ओरडत होतो, दुसरे काही केले नाही.

तो वर आला तेव्हा दोन्ही कोपरांपर्यंत रक्त होते आणि मुठीत कापलेला कंडा. त्याच्या मागे फस्स करून तो मोठा श्वास ऐकू आला. मग ती खाचेतून बाहेर पडली आणि उघड्या समुद्राकडे गेली.

पुढचे तीन दिवस अण्णा ओहोटीला खडकावर बसला. बांधलेल्या हातांनी पाण्यावर तीनदा थाप मारी, थांबे, पुन्हा मारी. मी आणलेली पाने पिवळी पडली. चौथ्या दिवशी सकाळी त्याने गाठोडे बांधले.

"चल."

याच एका शब्दासाठी मी दोनदा घाट उतरलो होतो. तो ऐकून मी तुटकी वहाण हातात घेतली आणि निघालो.

परतीच्या वाटेवर घाटातल्या त्या वळणावर मोटार पाणी घालायला थांबली. अण्णा उतरला, कठड्यापाशी जाऊन उभा राहिला आणि परत येऊन बसला.

बेळगुंदीत वैनी अंगणात होत्या. त्यांनी पायांवर पाणी घातले, हातांच्या जखमा पाहिल्या. अण्णाने गाठोड्यातून कंड्याचा तुकडा काढून पुढे केला.

"कुणी कापला?"

"मीच. अडकलं हुतं जनावर."

"कुणाचं?"

"आपलंच."

वैनींनी कंडा उलटापालटा केला. "आन् बांधला कुणी?"

अण्णाने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "पाडवा हुता," म्हणाला आणि आत गेला.

गावात म्हणतात, मास्तराने भावाला आणले. सुरुवातीला मी मान हलवून नाही म्हणत असे. आता तेवढाही उत्साह नाही. अण्णा शेत करतो, नवा बैल घेतला आहे, त्याचे दावे तो सैल बांधतो. वैनी सांगतात, संध्याकाळी विहिरीच्या पायरीवर हात धुताना तो पाण्यावर तीनदा थाप मारतो आणि जरा वेळ थांबतो. मी सुट्टीत गेलो की त्याच्याबरोबर विहिरीवर जातो. तेव्हा तो नुसतेच हात धुतो.