कळी धरेपर्यंतचा ताग

कुणाच्याही घरी गेले, की काका आधी छत्रीचं टोक अंगणात खुपसायचे. आत गेलं नाही, की घरधन्याकडं बघून म्हणायचे, “पावणं, ही माती हाय का फरशी?” तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल.

आमच्या अंगणात छत्रीच वाकली. घर बांधताना उरलेला मुरूम तिथंच दाबलेला. काका राहायला मागच्या गल्लीत, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. दुसऱ्याच दिवशी ते तागाचं बी घेऊन हजर झाले. शेण, गोमूत्र आणि गुळाचं जीवामृत ते आमच्याच पिंपात ढवळायचे. गूळ हलका दिसला की परत पाठवायचे. चहाला चालंल, मातीला न्हाय, म्हणायचे.

वडील गेल्यापासून आई माजघराबाहेर येत नव्हती. ताग उगवला आणि ती काठी घेऊन पायरीवर बसू लागली. शेळी फिरकली की उठायची. “वैनी, पिवळीजर्द फुलं येत्यात की,” काका सांगायचे. ताग तिच्या खांद्याला लागला, तेव्हा यंदा गौरीला घरची फुलं, असं तिनं गल्लीभर सांगून टाकलं.

कळी धरली की ताग कापून खत म्हणून मातीत गाडायचा, फुलू द्यायचा नाही, हे काकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वैनींना बोलू नकोस, हेही. आई बाहेर येतेय, एवढंच मी पाहिलं आणि गप्प बसलो. कळ्या दिसल्या त्या सकाळी मीच तिला शिवाजी पेठेत मावशीकडं सोडून आलो.

संध्याकाळी ती परतली. अंगण उघडं पडलं होतं.

“आधी सांगायला काय झालतं?” तिनं काकांना विचारलं.

“सांगितलं असतं तर तुमी राखला असता व्हय?” काका खाली बघत म्हणाले.

गौरीची फुलं बाजारातून आली. थंडीत त्याच मातीत मेथी माजली. काका बघायला आले, तर आईनं त्यांना चहा दिला. मला नवल वाटलं.

“त्यांनी विचारल्यावर खरं तरी सांगितलं,” ती म्हणाली. “तू मला गाडीवर बसवून नेलंस.”

काका आता मलकापूरला लेकीकडं असतात. आई येणाऱ्याजाणाऱ्याला ती भुसभुशीत माती त्यांची म्हणून दाखवते.

परवा मी तिला बढतीची बातमी दिली. पेढा हातातच धरून तिनं विचारलं, “आणि ह्यात कापायचं काय हाय?”

बदली पुण्याला झालीय, हे मी अजून बोललो नव्हतो.