चांदीच्या डबीखालची जागा

मला काही शिकवलं की ते हातात बसतं, हे मी स्वतःच्या तोंडानं सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही. आरोग्य केंद्रात आम्हाला सीपीआर शिकवला, म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबून माणूस कसा धरून ठेवायचा ते. बाकीच्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी त्या रबरी पुतळ्याच्या छातीच्या मधोमध तळवा ठेवला, त्यावर दुसरा, कोपरं ताठ, आणि असं दाबलं की सिस्टर म्हणाली, "बास ताई, पुतळा सरकारी हाय."

पण पुतळ्याच्या गळ्यात काही नव्हतं. आमचं घर लिंगायताचं. इष्टलिंग चांदीच्या डबीत, दोऱ्यानं गळ्यात घालायचं, ते अंगावेगळं करायचं नाही आणि एकाच्या लिंगाला दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

उन्हाळ्यातली दुपार होती. माझे सासरे, मामंजी, आमच्या किराणा दुकानात शेंगदाणे जोखता जोखता खाली कोसळले. हाक मारली, खांदे हलवले, हूं की चूं नाही. श्वासही नव्हता. शेजारच्या मेडिकलवाल्याला एकशे आठला फोन लावायला ओरडून सांगितलं, मामंजींना फरशीवर उताणं केलं, सदऱ्याची बटणं तोडली. नेमक्या जागेवर ती डबी.

आत्याबाई, म्हणजे सासूबाई, पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या. मी तांब्या बाजूला केला. "लिंगाला हात लावू नकोस गं," त्या म्हणाल्या, "उठल्यावर काय म्हनतील?"

माझा हात थबकला. मामंजींचा धाकच तसा होता. त्या थबकण्याचा मला आजही राग येतो.

"उठले तर म्हनतील ना," मी म्हणाले. दोरा डोक्यावरून काढला, डबी त्यांच्याच डाव्या तळहातावर ठेवली, पूजेला घेतात तशी. "त्यांची मूठ धरा, आत्याबाई. सोडू नका."

मग दाबायला लागले. बरगडी कट्कन वाजली. वाजली तरी थांबायचं नाही, हे सिस्टरनं बजावलं होतं, म्हणून थांबले नाही. माझा दम गेला की मेडिकलवाला दाबायचा, मग पुन्हा मी. गाडी आली, त्यांनी शॉक दिला आणि नाडी लागली. तेव्हा कुठं मला रडू आलं, आणि मी लई रडले.

मामंजी बीडच्या दवाखान्यातून घरी आले. दुसऱ्या दिवशी पूजेला बसले आणि विचारलं, "लिंग कुनी काढलं?"

दुकानात गिऱ्हाईक होतं, तसंच सोडून मी आत गेले. "मी काढलं. पुन्यांदा तसं झालं तर पुन्यांदा काढीन."

मामंजींनी आत्याबाईंना हाक मारून समोर बसवलं, सदरा उघडला, डबी स्वतःच्या हातानं बाजूला धरली आणि मला म्हणाले, "दाबू नको, बरगड्या दुकत्यात. हिला नुसती जागा दाखीव. उद्या तू चकलांब्याला माहेरी गेलीस म्हनून मी का मरू?"